पंचेचाळीस की नव्वद

बोआहेने मास्तरांच्या अंगणात दहा खुर्च्या होत्या. बायको गेल्यापासून त्यातल्या आठ भिंतीशी रचलेल्या. उरलेल्या दोहोंपैकी एकीवर मास्तर बसत आणि दुसरीवर शेजारची शिंपीण दुफी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी ती रोज संध्याकाळी गणित शिकायला येई. उद्या कुमासी शहरात परीक्षा. पास झाली की ती तिकडचीच, मग या अंगणात चिटपाखरू फिरकणार नव्हतं. मास्तरांना ते फार लागलं होतं.

त्यांनी शेवटचं गणित घातलं. दहा माणसं एकेक करून जमली, प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवला. एकूण किती वेळा?

दुफीने झटक्यात लिहिलं: नव्वद.

मास्तरांच्या मनात पाप आलं. गप्प बसावं. एका मार्काने हुकणारे काय कमी असतात? पण तीस वर्षं खडू झिजवलेला माणूस तो, जीभ कसली आवरतेय!

"अर्धं कर. तू माझा हात धरलास की मीही तुझा धरलाच. जोडीमागे एकदाच."

"कुठल्या गावात, मास्तर? मयत असो की बारसं, आलेला माणूस उजवीकडून सुरू करून सगळ्यांशी हात मिळवतो, बसतो. मग बसलेले उठून स्वागताचं 'अक्वाबा' म्हणत, हात मिळवायला त्याच्याकडे जातात. झालं ना दोनदा? नऊ दाहे नव्वद! नाही उठलं कोणी, तर आईने काही शिकवलं नाही म्हणतील."

मास्तर कितीतरी दिवसांनी हसले. "पुस्तकवाला आपल्याकडे कधी मयतीला आलेला दिसत नाही. पण परीक्षेत पंचेचाळीसच लिही, बाई. नव्वद गावासाठी ठेव."

दुफीने वही मिटली, फाटकाबाहेर गेली आणि पाहुण्यासारखी परत आत आली. मास्तरांशी हात मिळवला, खुर्चीत बसली आणि वाट बघत राहिली.

मास्तर गुडघा धरून उठले, दोन पावलं चालले. "अक्वाबा," ते म्हणाले. सुईने खरखरीत झालेली ती बोटं त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

"झाले दोन," दुफी म्हणाली. "पुस्तकात एकच."

ती गेल्यावर मास्तरांनी नववी खुर्चीही भिंतीशी लावली. सवयीने एका माणसाचं गणित मांडून पाहिलं. पुस्तकाच्या रीतीने शून्य, गावाच्या रीतीनेही शून्य. इथे मात्र दोघांचं भांडण नव्हतं.