बटण्याचा सदरा

"बटणच आहे. कोटाचं, चार भोकांचं," शिंपी म्हणाला. "काढा आणि मोकळं करा आम्हाला."

डॉक्टरीणबाईंनी अजून कुत्र्याला हातसुद्धा लावला नव्हता. टेबलावर बटण्या चार पाय चार दिशांना फाकवून, शेपूट पोटाशी घेऊन उभा होता. त्याचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखा झाला होता.

शिंप्याच्या म्हणण्याला आधार होता. दहा वर्षांपूर्वी हे पिल्लू दुकानात आलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं एका गिऱ्हाइकाच्या ओव्हरकोटाचं बटण गिळलं. तिसऱ्या दिवशी ते रीतसर मागच्या दारानं बाहेर आलं. तसलं दुसरं बटण बाजारात मिळेना, म्हणून शिंप्याच्या बायकोनं तेच साबणानं तीनदा धुतलं आणि कोटाला लावून टाकलं. तो कोट अजून गावात फिरतो. मालकाला काही माहीत नाही आणि बटण्याचं नाव मात्र कायमचं पडलं.

त्यामुळे महिनाभर ओकाऱ्या झाल्या, शी काळी पडली, ताटली अर्धी राहू लागली, तरी शिंप्याचं एकच पालुपद होतं. बटण अडकलंय. गिळलेली वस्तू बाहेर काढता येते, हा त्यातला मोठा दिलासा होता.

बाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. "काका, बटण नाहीये. लहान आतड्यात गाठ आहे."

"शिंपल्याचं असेल. शिंपल्याचं दिसत नसेल यात."

"काका, गाठ आहे."

"अहो, त्या काय सांगतायत ते ऐका तरी," बायको म्हणाली. तिनं बटण्याचा कान घट्ट धरून ठेवला होता.

बाईंनी समजावलं. पोट उघडायचं, आतड्याचा खराब तुकडा कापून काढायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची. गाठ कसली ते तपासणीनंतर कळेल. इतका वेळ खाली मान घालून बसलेला शिंपी इथे एकदम ताठ झाला. आता गोष्ट त्याच्या धंद्यात आली होती.

"धागा कुठला?"

"विरघळणारा."

"विरघळणारा? मग शिवण टिकायची कशी?"

"तोवर आतडं आपलं आपण जुळतं, काका."

शिंप्यानं थोडा विचार केला. "कापडाला एवढी अक्कल असती, तर आमची चूल कधीच बंद पडली असती. बरं, टाके दाट घाला. पण ओढू नका. ओढले की चुण्या पडतात."

"नाही पडू देणार चुण्या," बाई म्हणाल्या. हसू दाबताना त्यांचा मास्क हलला.

ऑपरेशन नीट पार पडलं. तुकडा बाहेर आला, टोकं जुळली आणि बटण्या चौथ्या दिवशी शिंप्याच्या चपलेवर झोपायला परत आला. टाके चाटू नयेत म्हणून दवाखान्यातून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घातला होता. तो घेऊन बटण्या शिलाई मशीनवर आपटला, दाराच्या चौकटीवर आपटला आणि एका गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर आपटून त्यानं त्याला कपड्यांच्या ढिगात बसवलं. शिंप्यानं कर्णा काढून फेकला आणि कुत्र्याला सदराच शिवला. चार पायांना चार भोकं, पाठीवर सहा बटणं. कापड निळ्या पट्ट्यांचं, बँकेच्या मॅनेजरच्या शर्टातून उरलेलं.

दोन दिवसांनी मॅनेजर स्वतः तोच शर्ट घालून दुकानात उभे. त्यांनी बटण्याकडे पाहिलं, बटण्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"हे कापड ओळखीचं वाटतंय," मॅनेजर म्हणाले.

"हल्ली सगळीकडे हेच चाललंय, साहेब," शिंपी म्हणाला. त्याच्या पापणीचा केसही हलला नाही. "हात वर करा. पोट... अडतीस!"

कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या बायकोनं बेचाळीस लिहिलं. ही त्या दुकानाची तीस वर्षांची पद्धत. मोठ्यानं ओरडायचा तो गिऱ्हाइकाला रुचेल असा आकडा. टेपवर अंगठ्याचं नख मात्र खऱ्या आकड्यावर. नख बघून बायको लिहायची. कपडे अचूक बसायचे आणि माणसं खूश होऊन घरी जायची. त्या दुकानात एकाही सुटलेल्या पोटाला आपलं खरं माप कधी ऐकू आलं नव्हतं.

तपासणीचा कागद दहा दिवसांनी आला. कॅन्सर होता, आणि शेजारच्या ग्रंथींतही पोचला होता.

"काही महिने मिळतील. कदाचित कमी," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं खायला द्या, आणि वजनावर लक्ष ठेवा. टिकलं तर बरं. उतरायला लागलं, तर मात्र..."

शिंप्यानं आयुष्यभर लोकांना बारीक दाखवून पोट भरलं होतं. कुणीतरी जाड व्हावं म्हणून त्यानं देवाला हात जोडले ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

टाके निघाले, तरी सदरा अंगावरच राहिला. भादरलेल्या पोटाला गार लागतं, असं बायको म्हणाली. शिंप्यानं वाद घातला नाही, कारण तराजूपेक्षा त्याचा सदऱ्यावर जास्त भरवसा होता. पण दुसऱ्या महिन्यात तोच सदरा बटण्याच्या पोटाखाली लोंबायला लागला. दुपारी बायको बाजारात गेल्यावर त्यानं सदरा उतरवला आणि दोन्ही कुशींत अर्धा अर्धा इंच आत घेतला.

संध्याकाळी बायको म्हणाली, "बघा, कसा बसलाय अंगाला! टिकलंय हो वजन."

"टिकणारच. खातोय ना," शिंपी म्हणाला. तिचा तेवढाच जीव भांड्यात पडला, हे बघून त्याला बरंही वाटलं आणि रडूही आलं. पंधरा दिवसांनी त्यानं परत अर्धा इंच आत घेतला.

मग एका रविवारी सकाळी बायकोची हाक आली. "अहो! लवकर या! सदरा लागत नाहीये!"

शिंपी दाढी अर्धी टाकून धावला. खरंच लागत नव्हता. बटणं काजांपर्यंत पोचत नव्हती. बायकोनं पोट आत दाबून पाहिलं, तेव्हा बटण्यानं ढेकर दिला, पण सदरा जुळला नाही.

"जाड झाला!" बायको म्हणाली. ती कुत्र्याच्या गळ्यात पडून हसत होती. "माझा बटण्या जाड झाला!"

शिंप्यानं अर्ध्या गालावरच्या फेसासकट डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "बाई, सदरा लागत नाही!"

"वजन केलंत का?"

"वजन कशाला? सदरा खोटं बोलतो का?"

"उद्या घेऊन या, काका," बाई सावकाश म्हणाल्या.

बायको अंडं उकडायला आत गेली. शिंपी गाणं गुणगुणत सदरा सैल करायला बसला. त्यानं तो उलटा केला आणि गुणगुणणं थांबलं.

सहाही बटणं काठापासून आत सरकली होती. बटणाखालच्या दोऱ्याला तीन वेढे देऊन गाठ खाली दडवलेली, हा हात बायकोचा. बाजूला मूळ जागेवर सुईची बारीक भोकं होती, आणि मध्ये भोकांची आणखी एक रांग. म्हणजे तिनंही दोनदा केलं होतं. काल तो अस्तर आणायला गेला तेव्हा तिनं बटणं सरकवली असणार, आणि कालच ती नळावर गेली तेव्हा त्यानं कुशी आत घेतल्या होत्या. नवराबायकोनं मिळून कुत्र्याला एका दिवसात जाड केलं होतं.

बायको अंडं घेऊन बाहेर आली. त्याच्या मांडीवरचा उलटा सदरा तिनं पाहिला. बटणं पाहिली, मग कुशींतली ताजी शिवणही पाहिली. ताटली तिनं हळूच खाली ठेवली.

बटण्यानं अंडं हुंगलं, एकदा चाटलं आणि येऊन शिंप्याच्या पायाशी उभा राहिला.

"वही घे," शिंपी म्हणाला. "नवा शिवू या. नीट माप घेऊन."

ती कोपऱ्यातल्या तिच्या जागेवर बसली. त्यानं गळ्यातली टेप काढली आणि बटण्याच्या पोटाभोवती फिरवली. ऑपरेशनच्या वेळी सत्तावीस इंच होतं. आता एकेक बरगडी बोटांना लागत होती. टेप गुंडाळली जाताच बटण्या मोठ्या गिऱ्हाइकासारखा ताठ उभा राहिला. शिंप्यानं घसा साफ केला आणि मॅनेजरसाठी काढतो तसा मोठा आवाज काढला.

"पोट... अठ्ठावीस! साहेब, एक इंच वाढलंय तुमचं."

बटण्यानं शेपूट हलवली. बायकोनं अंगठ्याचं नख पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि वहीत एकवीस लिहिलं.