पंधरापैकी तीन

मण्यार चावल्यावर काय होतं म्हणून विचाराल, तर काहीच होत नाही. हीच तिची हरामखोरी. घोणस चावली तर पाय सुजतो, माणूस बोंबलतो, चार लोक धावत येतात. मण्यार मुकाट अंथरुणात शिरते, ऊब घेते, चावते आणि आल्या वाटेनं निघून जाते. सकाळी माणूस उठतो आणि म्हणतो, पोटात दुखतंय.

नामाही तेवढंच म्हणाला. श्रावण उतरणीला लागला होता. घरात खाट एकच, ती आईची, गुणाबाईची. दोघे भाऊ खाली गोधडीवर निजायचे. थोरला हरेश वाशिंदला कंपनीत कामाला, दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आलेला. गोधडी झटकताना त्याला काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं जनावर भिंतीच्या भेगेत सरकताना दिसलं. मग कसला चहा नि कसलं काय! नामाला मोटारसायकलवर मधे घातला, मागून आईनं धरला, आणि धसईच्या रस्त्यानं त्यानं गाडी अशी पळवली की बोलायची सोय नाही.

रस्त्याकडेच्या सरकारी दवाखान्यात माधुरी नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं नामाचे हातपाय उलटेपालटे करून पाहिले. दाताची खूण कुठेच नाही. तिनं विषावरचं औषध सलाईनमधून सुरू केलं आणि म्हणाली, "आता एका दमात एक, दोन, तीन म्हणत जा. दम तुटेल तिथं थांब."

नामा एकतीसवर थांबला.

"छान," डॉक्टर म्हणाली. मग हरेशकडे वळून, "दर दहा मिनिटांनी मोजून घे. छातीत किती जोर राहिलाय ते यावरून कळतं. आकडा वीसच्या खाली आला की लगेच हाक मार मला."

आता इथं हरेशनं काय केलं ते ऐका, आणि मग त्याला काय म्हणायचं ते म्हणा. नामा गावच्या कबड्डीच्या संघातला. त्याचा दम अख्ख्या मुरबाड तालुक्यात माहीत. गेल्या जत्रेत पोरांनी पैज लावून मोजलं तेव्हा गडी एका दमात चौऱ्याहत्तरपर्यंत गेला होता. मोजणारा कोण, तर हरेश स्वतः! एकतीस म्हणजे निम्म्याहून कमी, हे त्याला तिथल्या तिथं कळलं होतं. पण डॉक्टर छान म्हणाली ना. शाळेत पस्तीसला पास, तसं इथं वीसला पास, असं त्यानं धरून टाकलं. शिकलेल्या बाईला आपण काय शिकवायचं, म्हणून गप्प बसला.

दुसऱ्या खेपेला सव्वीस. तिसऱ्याला बावीस. "पास हाय रे अजून," हरेश हसून म्हणाला. नामा हसला नाही. चौथ्या खेपेला तो अकरावर थांबला. आवाज नाकातून यायला लागला होता आणि पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या.

डॉक्टर धावत आली. "एरवी किती म्हणतो हा?"

"चौऱ्याहत्तर."

तिचा चेहराच उतरला. "मग मघाशी सांगितलं का नाहीस?" असं ओरडली आणि लगेच स्वतःशी पुटपुटली, "मी तरी कुठे विचारलं."

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलकडे निघालेली रुग्णवाहिका मुरबाडला पोचायच्या आत आकडा चारवर आला, मग एकवर, मग नुसते ओठ हलले, आणि मग तेही थांबले. डॉक्टरनं नामाच्या घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि तो हातानं दाबायला लागली. दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली जायची. आई पुढे ड्रायव्हर अनिलजवळ बसली होती. मधे काच होती. तिला मागचं दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं.

एका हातानं फुगा दाबत डॉक्टरनं दुसऱ्या हातानं नामाच्या डोळ्यात बॅटरी मारली. बुबुळ ढिम्म. नखावर पेन दाबलं, बोट हललं नाही. तिनं मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला आणि सांगितलं, "डोळे एक, बोलणं एक, हातपाय एक. एकूण तीन."

"कितीपैकी?" हरेशनं विचारलं.

"पंधरा."

"म्हंजे थोडं तरी हाय आत."

डॉक्टरनं फुगा दाबला. "तीनच्या खाली आकडाच नसतो. मेलेल्या माणसालासुद्धा तीनच देतात."

नामाच्या ओठावर एक माशी येऊन बसली. ती निवांत चालत नळीपर्यंत गेली आणि परत आली. भावाच्या तोंडावरून माशी फिरते आणि त्याला काही नाही! हरेशला ते बघवेना.

"बस करा आता," तो म्हणाला. "गेला तो. घरी नेऊ. हालहाल नका करू त्याचे."

"काळीज चालू आहे त्याचं."

"तुमी हवा भरताय म्हनून चालतंय. मला हा चेहरा कळतो, मॅडम. आमची भिमी अशीच व्हती. चार वर्सांपूर्वी. धाकटी बहीण. असेच डोळे, असेच ओठ. अग्नी मीच दिला तिला. मेलेलं मानूस मला वळखू येतं."

डॉक्टरनं त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं, पण तिनं गिळलं. "हे तीन, पंधरा म्हणजे माणसातून बाहेर काय येतं त्याचा हिशोब," ती म्हणाली. "आत काय आहे ते मला माहीत नाही. माझे हात भरून आलेत. हा फुगा धर. थांबायचं असेल तर तू थांब."

हरेशनं फुगा धरला. एकदा दाबला. आता सोडून द्यावा असं मनात आलं, अगदी खरंच आलं, आणि तेवढ्यात बोटांनी तो पुन्हा दाबला. मग तो सोडताच येईना. शहरातल्या हॉस्पिटलच्या दारात पोचेस्तोवर तो रडत होता आणि दाबत होता.

नवव्या दिवशी नामाच्या घशातली नळी काढली. दहाव्या दिवशी तो बोलायला लागला. आवाज घोगरा, पण त्याचाच. आई आनंदानं वेडीपिशी झाली आणि वॉर्डभर चहा वाटायचा म्हणून खाली गेली.

"मला समदं ऐकू येत व्हतं," नामा म्हणाला.

हरेश खाटेवर वाकला. "कधी?"

"गाडीत. बॅटरी मारली तवा डोळ्यात उजेड भरला. माशी बसली व्हती ओठावर. मी वरडत व्हतो रे, पार बेंबीच्या देठापासून, पन आवाजच फुटंना. मग तू म्हनलास, बस करा."

"चुकलो रे नामा. पाया पडतो तुझ्या."

"ते जाऊ दे. तू फुगा सोडला नाईस." नामा छताकडे बघत राहिला. "तू म्हनलास, भिमी अशीच व्हती."

भिमीलाही पहाटे पोटात दुखलं होतं. अंगावर खूण नव्हती. भगतानं कडुलिंबाचा पाला चावायला दिला, तो तिला कडू लागला, म्हणून विष नाही असं ठरलं. पापण्या मिटल्या, श्वास दिसेनासा झाला, तेव्हा दहा वाजले असतील. आभाळ भरून आलं होतं, लाकडं भिजतील म्हणून सगळ्यांनी घाई केली. साडेदहाला तिला उचललं. अकराच्या आत चिता पेटली.

घरापासून मसणवट चार पावलांवर आहे.

"तिला पन..." नामा म्हणाला, आणि पुढचं त्याला म्हणवेना. हरेशनं खाटेची दांडी घट्ट धरली.

आई किटली घेऊन आत आली. दोघांची तोंडं पाहून थबकली. डॉक्टरांनी तिला मण्यारीचं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तिलाही डोकं होतं, आणि दहा दिवस तिला विचार करण्यापलीकडे दुसरं काम नव्हतं.

"काय रे हरेश," ती हळूच म्हणाली, "आपल्या भिमीला पन हेच झालं असंल का?"

"नाय गो आये," हरेश म्हणाला. "तिचं येगळं व्हतं."

तिनं नामाकडे पाहिलं. "तू सांग रे."

नामाला आता बोलता येत होतं. तो बोलला नाही.