टोपीवरचं सॅटिनचं फूल

लग्न बदलापूरला, सुनेत्राच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या, भावनाच्या मुलीचं. आणि सुनेत्रा जायलाच तयार नव्हती.

"दारात गजरे वाटतात हो," ती नवऱ्याला, शशिकांतरावांना म्हणाली. "मी कुठे माळू?"

एकेकाळी तिच्या अंबाड्याला एक गजरा पुरायचा नाही. केमोने केस गेले आणि डोक्यावर आली क्रीम रंगाची विणलेली टोपी. अंबरनाथच्या कारखान्यात ज्यांच्या आवाजाने कामगार चळचळा कापत, त्या फोरमनसाहेबांचं बायकोच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे काही चालेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. टोपीवर कापडाचं फूल शिवायचं. फूल आधीच दिसलं, तर गजरा पुढे करतंय कोण?

मोबाईलवर व्हिडिओ लावून कामाला बसले. सुनेत्राच्या जुन्या सुती साडीची पाकळी कापून मेणबत्तीवर धरली, तर कड वळायची सोडून भस्सकन पेटलीच.

"घर जाळून कोळशाचा धंदा करताय की काय?" पलंगावरून सुनेत्रा म्हणाली आणि हसली. ते हसू किती दिवसांनी आलं होतं! त्या हसण्यासाठी शशिकांतरावांनी अख्खं कपाट जाळलं असतं.

मग ते उल्हासनगरला गेले, तीन नंबर कॅम्पातल्या कापडाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, कॉटन नको. वो जलेगा. सॅटिन घ्या, ये मुडेगा."

तसंच झालं. अबोली रंगाच्या सॅटिनचे लहानमोठे गोल आचेजवळ आकसून अलगद वळले. दोन बोटं भाजली, त्याचं काही नाही. एकावर एक पाकळ्या ठेवून त्यांनी मधोमध मोती शिवले.

"टाका घट्ट घ्या," सुनेत्रा सांगत होती. "नाहीतर मांडवात पाकळ्या गळतील."

टोपी घालून ती आरशापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पैठणी काढा." शशिकांतरावांना जग जिंकल्यासारखं झालं.

हॉलच्या दारात एक मुलगी परात घेऊन उभी होती. येणाऱ्या प्रत्येकीला अत्तर लावायची, पेढा द्यायची आणि वर मोगऱ्याचा गजरा. सुनेत्राची पाळी आली. मुलीची नजर टोपीवर गेली.

"काकू, किती गोड फूल आहे!" असं म्हणून तिने अत्तर लावलं, पेढा दिला आणि गजरा मागच्या बाईंपुढे केला.

सगळं अगदी ठरल्यासारखं झालं होतं. शशिकांतराव खुशीत बायकोकडे वळले. डाव्या हातात पेढा धरून सुनेत्राने उजवा हात पुढे केला होता, तो अजून तसाच होता. तळवा उघडा.

ते परातीकडे वळणार, तोच तिने हात पदराखाली घेतला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "माळता आला नसता. नुसता हातात धरला असता."