जोडावरची टोपी

माझ्या दोन भावांनी आयुष्यात मिळून एकच काम केलं. बाबांच्या जुन्या गाडीच्या काचांभोवतीच्या पट्ट्या निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. डाव्या बाजूच्या थोरल्यानं नेल्या, उजव्या धाकट्यानं. नव्यानं क्रोम करून आणायच्या, एवढंच काम. ही वाटणीही माझ्यामार्फत झाली, कारण अकरा वर्षं दोघांमध्ये विस्तव जात नाही. भांडण कशावरून, तर आई गेल्यावर तिच्या खोलीतला पंखा कुणी न्यायचा. पंखा अजून तिथंच आहे आणि बरा फिरतो.

सोमवारी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी, रविवारी, त्यांना गाडी पुरी झालेली बघायची होती आणि मुलांना एकमेकांशी बोलताना ऐकायचं होतं. मला काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. बाबांनी एकदा तरी माझ्या कामाला चांगलं म्हणावं. सतरा वर्षं त्यांचं गॅरेज मी चालवते. शिकवलं त्यांनी मुलांना, शिकले मी. माझं काम बघून बाबा "ठीक आहे" म्हणतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात.

शनिवारी सकाळी दोघे आपापल्या पट्ट्या घेऊन हजर झाले. थोरला ऑफिसात साहेब आहे आणि सगळीकडे नाकानं कांदे सोलतो. पट्टी दुलईतून बाहेर काढून म्हणाला, "याला म्हणतात काम. त्याला सांग, बघून घे म्हणावं."

त्याला, म्हणजे तीन पावलांवर उभ्या असलेल्या धाकट्याला.

"ताई, दादाला सांग, माझ्या परवाच तयार होत्या," धाकटा म्हणाला.

एका भाषेतून त्याच भाषेत भाषांतर करायचं, हे माझं अकरा वर्षांचं जोडकाम.

पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. थोरल्याची निळसर, धाकट्याची पिवळट. एकाच्या ओळखीच्या दुकानात दुसरा पाऊल टाकणार नाही, म्हणून एका गाडीचा क्रोम दोन ठिकाणी झाला होता. अशी चूक करायला नुसता मूर्खपणा पुरत नाही, त्यासाठी रक्ताचं नातं लागतं.

"गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कोण बघतो?" थोरला म्हणाला.

"समोरच्या काचेवर मधोमध भेटतात त्या," मी म्हटलं.

मग थोरल्यानं तळव्यानं पट्टी रबराच्या खाचेत ठोकायला घेतली, ती जाईना, तर म्हणाला रबरच वाकडं आहे. नाचता येईना अंगण वाकडं. धाकट्यानं फोनवर व्हिडिओ बघून तेल लावायला सांगितलं. तेलानं रबर फुगतं, हे व्हिडिओत नव्हतं. शेवटी मी दोघांना बाहेर खुर्च्या दिल्या. ते एकमेकांकडे पाठ करून बसले.

काम असं असतं. नव्या क्रोमनं पट्टी जाड झालेली असते, टोकांना गोळे साठलेले असतात. ते मी मागून कानस लावून उतरवले. खाचेत साबणाचं पाणी सोडलं, दोरी फिरवली. दोरी ओढत रबराचा ओठ उचलायचा आणि पट्टी अंगठ्यानं बोटबोटभर आत बसवत जायची. घाई केली की पट्टीला घडी पडते, आणि ती घडी मग कुणाच्या बापाला निघत नाही.

मधला जोड झाकणारी बोटाएवढी टोपी दोघांकडेही नव्हती. ती दुसऱ्यानं हरवली यावर मात्र दोघांचं एकमत होतं. मी खणातली एक जुनी टोपी आतून कोरून, घासून, पाचरीनं बसवली. जुन्या क्रोमचा रंग निळ्या-पिवळ्याच्या बरोबर मधला निघाला आणि फरक दिसेनासा झाला. त्या एका टोपीला तीन तास गेले.

रविवारी बाबा काठी टेकत आले. गाडीभोवती फिरले, समोर थांबले आणि जोडावरून नख फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही.

"हा जोड कुणी बसवला?"

मी तोंड उघडलं होतं.

"आम्ही," थोरला म्हणाला.

"आम्ही दोघांनी," धाकट्यानं पुरं केलं.

आयत्या बिळावर नागोबा असतो हे ठाऊक होतं, इथे एका बिळावर दोन निघाले. अकरा वर्षांनी दोघांनी मिळून एक शब्द काढला, तोही नेमका मला बाहेर ठेवणारा. 'आपण' म्हणाले असते, तर मी गिळलं असतं.

बाबांचे डोळे भरून आले. "चांगलं झालंय," ते म्हणाले. "फार चांगलं."

"दमलास ना रे काल?" थोरल्यानं धाकट्याला विचारलं, थेट त्याच्याकडे बघून.

"तू पण की," धाकटा म्हणाला.

खुर्च्यांवर बसून दमले होते दोघे. मी पाचर घेतली, टोपी उचकटली आणि थोरल्याच्या हातावर ठेवली.

"लावा परत."

त्यानं ती उलटी धरली, मग धाकट्याकडे दिली. धाकट्यानं दाबली, ती उडून चाकाखाली गेली.

"तुझी पट्टी पुढे आलीय," धाकटा थोरल्याला म्हणाला.

"माझी? तुझ्या माणसानं थर चढवलाय का चिखल?"

दोन मिनिटांत दोघेही माझ्याकडे तोंड करून एकमेकांना शिव्या द्यायला लागले. मग थोरला फाटकातून बाहेर पडला आणि धाकटा मागच्या दारानं.

बाबांनी काठीनं टोपी चाकाखालून ओढली आणि माझ्यापुढे धरली.

"असा जोड त्यांना सात जन्मांत जमायचा नाही," ते म्हणाले. "हात कुणाचा ते मला कळत नाही होय?"

"मग विचारलंत कशाला?"

"निदान खोटं तरी मिळून बोलतील म्हणून. बोललेही. तेवढं ऐकून मी उद्या टेबलावर गेलो असतो गं."

मी टोपी घेतली आणि पुन्हा बसवायला वाकले. माझा हात ओळखूनही त्यांनी 'चांगलं' भावांनाच दिलं होतं. मला भयंकर राग आला होता, आणि तो आता भावांवर नव्हता.