तेल वर चढले तेव्हा

तिकोनी पाकिटातले अर्धा लिटर दूध.

खिडकीच्या फटींत कोंबलेला कापूस आणि त्यावर खळीने चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या.

दोऱ्याला टांगलेला पिवळट, ओलसर कागद.

दूध न आवडणारी मांजर.

एका म्हाताऱ्या माणसाचे तान्ह्या बाळासारखे गुलाबी गाल.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. संबंध कळला तेव्हा जो हादरा बसला, तो अजून माझ्या काचेतून गेलेला नाही.

मी एक जुनी काचेची बुडबुडी आहे. मुठीएवढा माझा फुगा, त्यात बोटभर तेल आणि त्या तेलात बुडालेली एक बारीक नळी. नळीतून वायू आला की तेलात बुडबुडे उठतात. माझे काम एवढेच. पण लेनिनग्राडच्या त्या रसायनशाळेत माणसे घड्याळाकडे बघत नसत इतकी माझ्याकडे बघत.

माझा जन्म तळघरात झाला. काच फुंकणारा कुझ्मा फ्रोलविच मोबदला म्हणून पैशांऐवजी स्पिरिट मागत असे. मला न्यायला रिम्मा आली. ती प्रयोगशाळेत नवीनच लागली होती. तिने मला उजेडात धरले.

"नळीवर हा आणखी एक फुगा कशाला?" तिने विचारले.

"तेल उलटं चढलं तर त्याला थांबायला जागा नको? नाहीतर तुमचा तो महागडा धातू तेलात आंघोळ करेल."

"तेल उलटं कशाला चढेल?"

"ते मला काय विचारतेस? शिकलीस तू. मी नुसता फुंकतो."

मित्रांनो, तो महागडा धातू म्हणजे रोडियम. सोन्याहून दुर्मीळ, कायम कुलपात. रिम्मा आधी त्याची क्लोरीनशी आणि एका वायूशी गाठ घालून देई. मग त्याचे सुंदर लाल स्फटिक होत. तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो खोलीत पसरला तर माणसाला फक्त झोप येते आणि गाल गुलाबी होतात. मग माणूस उठत नाही.

रिम्माचे काम असे की, त्या लाल स्फटिकांपुढे असंपृक्त पदार्थ आणून सोडायचे. असंपृक्त म्हणजे ज्यांच्याकडे आणखी कोणाला तरी धरायला जागा शिल्लक आहे असे. मग बघायचे, रोडियम कोणाला जवळ करतो. बहुतेक वेळा पाहुणा आत येई आणि वायूला हुसकून लावी. हुसकलेला वायू माझ्यातून बुडबुडत रबरी नळीने धुराड्यात जाई. मी बुडबुडले की खोलीतली माणसे निश्चिंत होत. वायू गेला तो रस्त्याने गेला, कोणाच्या छातीत गेला नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख गेन्रिख ओसिपविच यांचा नियम होता : बुडबुडे थांबले तर आधी बाहेर, मग विचार. तरुणपणी त्यांनी एका सोबत्याला अशाच खोलीतून उचलून बाहेर आणले होते. तो पुन्हा बोलला नाही. म्हणून दुसरा नियमही होता. ज्याच्या हातून या खोलीत वायू सुटेल, तो या टेबलापाशी पुन्हा उभा राहणार नाही.

आणि दूध. विषारी कामाबद्दल सरकार सगळ्यांना रोज दूध देई. दूध प्यायले की विष धुऊन निघते, असे सगळे मानत. मदतनीस ग्लाफिरा निकितिच्ना आपले दूध स्तेशा मांजरीपुढे ओती आणि स्तेशा पाठ फिरवून गरम पाण्याच्या नळ्यांपाशी जाऊन झोपे.

"बघा," ग्लाफिरा म्हणे, "हिचं पोट साफ आहे. पाप आपल्याच पोटात."

*

कडाक्याच्या थंडीतला दिवस. रिम्माने सिलिंडरची तोटी किंचित उघडली होती. वायू चंबूतल्या लालसर द्रावणातून जाऊन माझ्यातून शांतपणे बाहेर पडत होता. मी एका लयीत बुडबुडत होते. मग तिने असेटिलीन नावाच्या वायूच्या नात्यातला एक असंपृक्त पांढरा पदार्थ, म्हणजे नवा पाहुणा, विरघळवून चंबूत सोडला.

माझी लय ढिली पडली.

एक बुडबुडा. बऱ्याच वेळाने आणखी एक.

मग काहीच नाही.

मित्रांनो, मी माझ्याच गप्प बसण्याने हबकले. सिलिंडर उघडा होता. वायू आत जात होता. माझ्याकडे मात्र येत नव्हता.

"बाहेर," गेन्रिख ओसिपविच म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी सिलिंडर बंद केला आणि खिडकीच्या कागदाच्या पट्ट्या दोन्ही हातांनी टराटरा फाडायला सुरुवात केली. कापसाचे पुंजके उडाले. खिडकी उघडली आणि बर्फाची हवा आत घुसली.

"अहो, ते परवाच चिकटवलेत," दारातून ग्लाफिरा ओरडली. "खळ उकळून बोटं भाजून घेतलीत मी."

"ग्लाफिरा निकितिच्ना, आधी जगू. मग चिकटवू."

सगळे बोळात गेले. दाराला काच होती, त्यामुळे ते मला दिसत होते. गेन्रिख ओसिपविचनी रिम्मापुढे हात केला.

"रोडियमच्या कपाटाची किल्ली."

"मी सगळे सांधे तपासले होते."

"ते वायूला सांगा."

रिम्माने किल्ली दिली. ग्लाफिराने तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली. "रडू नकोस पोरी, गालांवर गोठेल," ती म्हणाली.

रिम्मा रडत नव्हती. ती काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती.

"तेल," ती म्हणाली.

"तेलाचं काय?"

"वर चढलंय. नळीत बघा, पार वरच्या फुग्यापर्यंत. गळती असती तर तेल जागेवर राहिलं असतं, नुसते बुडबुडे थांबले असते. हे ओढलं गेलंय. चंबूत काहीतरी वायू पितंय, गेन्रिख ओसिपविच."

"धातू असा वायू पीत नाही."

"मग टांगलेला कागद का पिवळा आहे?"

तो कागद पॅलेडियमच्या क्षारात भिजवलेला असे. वायू सुटला की काळा पडे. गेन्रिख ओसिपविचनी श्वास रोखून दार उघडले आणि आत आले. कागद पिवळाच होता. मग ते माझ्यासमोर वाकले. त्यांचा चेहरा इतक्या जवळ आला की माझी काच धुरकटली. मी जन्माला आल्यापासून इतक्या भांबावलेल्या माणसाचा चेहरा पाहिला नव्हता.

"कोण पितंय?" त्यांनी विचारले. मलाच विचारले असावे.

पुढे स्फटिक काढून तपासल्यावर कळले. पाहुण्याने वायूला हुसकले नव्हते. असेटिलीनच्या नात्यातल्या दोघांनी मिळून त्याला मध्ये घेतले होते, पाच कोपऱ्यांचे कडे केले होते : दोघांचे दोन-दोन कोपरे आणि वायूचा एक. रोडियमने ते कडे धरून ठेवले होते. आणि एक कडे सोडून रोडियम मोकळा होताच पुन्हा नवे कडे. ज्याला आम्ही सगळे मृत्यू म्हणून घाबरत होतो, तो त्या कड्याचा एक कोपरा होऊन निमूट बसला होता.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी रिम्माच्या टेबलावर किल्ली होती. किल्लीशेजारी दुधाचे तिकोनी पाकीट.

"हे काय?" तिने विचारले.

"माझं दूध."

"मला माझं मिळतं."

"मग दोन प्या," गेन्रिख ओसिपविच म्हणाले. "मला माफी मागायची दुसरी रीत येत नाही."

*

मग माझे चांगले दिवस आले. लांबलांबून माणसे येत. रिम्मा मला हातात घेऊन दाखवी : हिने गप्प राहून आम्हाला सांगितले. ती हसली की माझे तेल हलत असे. पुढे रिम्माला मोठी खोली आणि नवी बुडबुडी मिळाली. ग्लाफिरा निवृत्त होऊन मुलीकडे गेली. मला जुन्याच खोलीत मानाने फळीवर ठेवले.

मित्रांनो, फळीवरच्या मानाचे काय सांगू? धूळ बसते. तेल दाट होते, मग चिकट, मग डिंकासारखे. टांगलेला कागद वाळून कडक झाला. वाळलेला कागद वायू आला तरी रंग बदलत नाही.

*

त्या वर्षी थंडी लवकर आली. खिडक्या नुकत्याच चिकटवल्या होत्या. गेन्रिख ओसिपविच कागदोपत्री निवृत्त होते, पण रोज येत. त्या दुपारी ते असेटिलीनच्या नात्यातला आणखी एक पदार्थ घेऊन आले. तोही कडे करेल, अशी त्यांना आशा होती. त्यांनी मला फळीवरून उतरवले आणि बाहीने पुसले.

रिम्मा त्यांना भेटून बैठकीला निघाली होती. दारातच थांबली.

"तेल बदला हं. आणि कागद भिजवा."

"हिच्यावर एकदा शंका घेतली. पुन्हा घेणार नाही."

"शंका माझ्यावर घेतली होती, गेन्रिख ओसिपविच."

"तुमच्यावरही घेणार नाही. झालं समाधान?"

"तेल बदललंत की होईल," ती म्हणाली, आणि हसत गेली.

त्यांनी मला चंबूला जोडले, नवा पदार्थ आत सोडला आणि सिलिंडरची तोटी उघडली. वायू आला. तो माझ्या डिंक झालेल्या तेलावर धडकला आणि थांबला. मी गप्प.

"पितोय," गेन्रिख ओसिपविच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

वायूला माझ्यातून वाट मिळाली नाही. त्याने चंबूचे बूच केसभर उचलले आणि तिथून तो निघाला. रंग नाही, वास नाही, बुडबुडा नाही. त्यांनी तोटी आणखी थोडी उघडली. "पी बाळा, पी," म्हणाले. चहा ओतून घेतला, स्टूल माझ्याजवळ ओढले. नळ्यांपाशी म्हातारी स्तेशा झोपली होती. झोपेत तिचा पंजा एकदा ताठ झाला. त्यांनी तिकडे बघितले आणि पुन्हा माझ्याकडे बघून हसले. मग त्यांनी हातावर डोके टेकले.

मला ओरडता येत नाही. मला फक्त बुडबुडता येते. आणि तेच येत नव्हते.

रिम्मा शाल विसरली होती म्हणून परत आली. ती किंचाळली नाही. तिने तोटी बंद केली. खिडकी ओढली, ती हलली नाही, कागद पक्के बसले होते. तिने स्टूल उचलून काच फोडली. मग त्या लहानखुऱ्या बाईने त्या उंच माणसाला बगलांत धरून बोळापर्यंत फरफटत नेले. त्यांचे गाल गुलाबी होते. तान्ह्या बाळांचे असतात तसे.

स्तेशा नळ्यांपाशीच राहिली.

*

ते वाचले. अजून येतात. त्यांची मुलगी त्यांचा हात धरून आणते. येताना त्यांच्या खिशात दुधाचे पाकीट असते. ते रिम्माच्या टेबलावर ठेवतात.

"हे तुमचं," ते म्हणतात. "कशाबद्दल ते आठवत नाही. पण देणं आहे."

"दोन पिते मग," रिम्मा म्हणते.

मग ते माझ्याकडे बोट दाखवतात. "बुडबुडे येतात का?"

"येतात, गेन्रिख ओसिपविच. बघा."

आणि मी बुडबुडते. रिम्माने स्वतः मला गरम पाण्यात उकळून, बारीक तारेने खरवडून स्वच्छ केले आहे. दर सोमवारी ती तेल बदलते. कागद रोज भिजवते. या कामाला ती कोणालाही हात लावू देत नाही. तेल ओतताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, कामावर आमच्यासारख्या मुक्या वस्तू असतील. आमच्यावर प्रेम करा, पण तेवढ्यावर थांबू नका. आम्हाला पुसा, धुवा, आमचे तेल बदला. आम्ही एकदा खरे बोललो म्हणून कायम खरेच बोलू, असे धरून चालू नका. आणि आम्ही गप्प झालो तर तुम्हाला हवे ते त्या गप्प बसण्यात ऐकू नका. जवळ या, वाका, नीट बघा.

गेन्रिख ओसिपविच 'पितोय' म्हणाले त्या दुपारी माझे तेल जागेवरून हलले नव्हते.