दशमीवेध

"अण्णा, एकादशी उद्या की परवा हो?" रत्नाबाईंनी विहिरीवरून विचारलं, आणि आमच्या अण्णांना उत्तर द्यायला आयुष्यात पहिल्यांदा वेळ लागला.

मी अंगणात बसून पळायच्या कॅनव्हासच्या बुटांत नाड्या ओवत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील बिंदुमाधवराव, दारापुढच्या जगलीवर बसले होते. आमच्या बंगळूरच्या मराठीत ओट्याला जगलीच म्हणतात. मांडीवर पंचांग उघडं होतं. त्यांनी आधी पंचांगाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे.

"परवा," ते म्हणाले. "उद्या पहाटे दशमी स्वल्प उरते. वेध आहे. आपली सोमवारी."

"सरी," म्हणून रत्नाबाई घागर घेऊन आपल्या खोलीकडे गेल्या.

ते खोटं होतं. मला ते सोमवारी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. हातचं राखून गोष्ट सांगणं मला जमत नाही.

आम्ही वैष्णव. एकादशीला पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. त्यातून त्या पहाटे दशमीचा थोडा अंश शिल्लक असला, तर तो दिवस सोडायचा आणि उपास दुसऱ्या दिवशी करायचा. हा दशमीवेध चामराजपेटेत अण्णांइतका अचूक कुणी सांगत नसे. रिटायर झालेल्या हेडक्लार्कला दुसरं काय राहतं? चार गल्ल्यांतली माणसं दारात येऊन विचारून जात आणि अण्णा जे सांगतील तो त्यांचा उपास. त्या शनिवारीही सगळे सकाळीच येऊन गेले होते आणि अण्णांनी त्यांना खरं ते सांगितलं होतं, एकादशी रविवारी. मी तेव्हा कचेरीत होतो. रत्नाबाई होसकोट्याला भावाकडे गेल्या होत्या. त्या संध्याकाळी परतल्या आणि नेमक्या माझ्यासमोर विचारून बसल्या.

रविवारी माझी शर्यत होती.

माझं नाव हयवदन. देवाचं नाव आहे, पण अर्थ घोड्याच्या तोंडाचा, त्यामुळे टेलिफोन खात्यात माझ्या टेबलापुढे बसणाऱ्या सुधींद्रला रोजचा विषय मिळे. "तोंड मिळालं, आता पाय कधी मिळणार?" म्हणायचा. वय एकतीस, लग्न नाही. मुली सांगून येत, मुलगा रविवारी काय करतो हे विचारत, आणि पळतो म्हटल्यावर पुन्हा येत नसत. सहासष्टच्या पावसाळ्यानंतर मात्र मी असा पळालो की सुधींद्रसुद्धा गप्प झाला. ऑक्टोबरात क्रॉस-कंट्रीला सहावा, नोव्हेंबरात दहा मैलांना तिसरा, डिसेंबरात वीस मैलांना दुसरा. आता जानेवारीत मॅरेथॉन. दोन तास पन्नास मिनिटांच्या आत येतील त्यांना राज्याच्या संघात घेणार होते, देशाच्या शर्यतीसाठी. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील याचा भरवसा नव्हता. मला ते हवं होतं. दुसरं काही एवढं हवं असल्याचं आठवत नाही.

गेल्या वर्षीही ही शर्यत एकादशीलाच आली होती. मी कोरडा पळालो. विसाव्या मैलाला के. आर. पुरम स्टेशनाजवळ पडलो आणि तीन दिवस हॉस्पिटलात काढले. मूत्रपिंडं जायची वेळ आली होती. "दोन ग्लास पाण्याचा प्रश्न होता," डॉक्टर अण्णांना म्हणाले. सुधींद्र भेटायला आला तो चिडूनच. "अरे, तुझा देव काय रस्त्यात बसून घोट मोजतो?"

देवाला मी भीत नव्हतोच. पण पाणी पिऊन पळालो असतो आणि ते पेटेत कळलं असतं, तर सगळ्यांना एकादशी सांगणाऱ्या बिंदुमाधवरावांची मान खाली गेली असती. म्हणून मी कोरडा पळालो. हे मी त्यांना कधी बोललो नाही. आई गेल्यापासून आमच्या घरात बोलणं म्हणजे "आंघोळीला पाणी काढलंय" एवढंच. आणि त्या तीन दिवसांत माझ्या सलाइनच्या बाटलीकडे बघत त्यांनी मनाशी काय ठरवलं, ते त्यांनीही मला सांगितलं नाही. आम्ही बापलेक एकमेकांना सांभाळत बसलो आणि मध्ये रत्नाबाई सापडल्या.

त्या आमच्याच वठारात राहत. एका अंगणाभोवती सहा खोल्या, त्यांतली विहिरीजवळची त्यांची. अकराव्या वर्षी विधवा झालेल्या, आता बावन्न वर्षांच्या, लाल आलवणातल्या. लोकांकडे सोवळ्याचा स्वयंपाक करत. नवऱ्याचा चेहरा आठवत नाही म्हणून हसत सांगत. एकादशी मात्र एक्केचाळीस वर्षांत एक मोडली नव्हती, टायफॉइडमध्येसुद्धा नाही. "वर जाऊन दाखवायला माझ्यापाशी तेवढंच आहे की रे," म्हणत. रविवारी मी पळून आलो की गुळाचं पानक हातात देणाऱ्याही त्याच. त्या मला बाळ म्हणत.

रविवारी पहाटे चारला अण्णांनी दही-अवलक्की कालवून माझ्यापुढे ठेवली. पोह्यांना आमच्याकडे अवलक्की म्हणतात.

"तुम्ही?" मी विचारलं.

"माझं पोट स्वल्प बरं नाही. तू खा."

मग समोर उभं राहून त्यांनी मला दोन तांबे पाणी प्यायला लावलं. बुटांच्या नाड्या बांधताना मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही पण चला की." असं मी कधी म्हटलं नव्हतं. अण्णा दारात थबकले. अंगणापलीकडच्या रत्नाबाईंच्या बंद दाराकडे त्यांनी पाहिलं. मी गेल्यावर ते दार वाजवायचं आणि खरं काय ते सांगायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, हे मला पुढे कळलं. बाई दहाच्या आधी जेवत नसत, वेळ भरपूर होता. पण मुलाने पहिल्यांदा बोलावलं होतं.

"थांब, पंचा घेतो," ते म्हणाले.

हलसूरहून निघून जुन्या मद्रास रस्त्याने होसकोट्याच्या अलीकडेपर्यंत जायचं आणि परत. निवडणुका आल्या होत्या, भिंतीभिंतींवर चिन्हं रंगवणं चाललं होतं. थंडी होती. सुधींद्र सायकलवर पाण्याची बाटली घेऊन बाजूने येत होता आणि अखंड बडबडत होता. मी दर अर्ध्या तासाला प्यालो. पाणी किती गोड असतं हे मला त्या दिवशी कळलं. वळताना चौथा होतो, के. आर. पुरमला तिसरा. गेल्या वर्षी जिथे पडलो तिथला दगड मी ओळखला आणि त्याला मनातल्या मनात एक शिवी दिली. शेवटचे तीन मैल मांड्या जळत होत्या, पण जळणाऱ्या मांड्या पळू शकतात. दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, तिसरा.

अण्णा तीन तास उन्हात एका झाडाला टेकून उभे होते, बसलेसुद्धा नव्हते. आमच्याकडे मिठी मारायची पद्धत नाही. त्यांनी पंचा माझ्या डोक्यावर टाकला आणि लहान मुलाचे पुसावेत तसे खसाखसा केस पुसले. पुसायचे थांबतच नव्हते. मला वाटलं, आनंदाने. घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि रत्नाबाई ओसरीत जेवणाचं भांडं घासत होत्या. "झालास काय रे पास?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर राखेचा हात तसाच वर करून त्यांनी आशीर्वाद दिला. अण्णा त्यांच्याकडे न बघता आत गेले.

सोमवारी मी रजा घेतली होती. पाय लाकडाचे झाले होते आणि वर कोरडा उपास, पण मी खुशीत होतो. अण्णाही उपाशी होते, त्यांचा दुसरा दिवस. दहाच्या सुमारास रत्नाबाई मठातून परतल्या आणि आपल्या खोलीकडे न जाता आमच्या जगलीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "मठात पारण्याची पानं मांडलेत."

मीच पुढे सरसावलो. "ते दुसऱ्यांचं असेल, बाई. आपल्याला वेध आहे."

"वेध नव्हता, बाळ. आचार्यांनी पंचांग काढून दाखवलं. दशमी शनिवारी सकाळीच संपली. काल एकादशी झाली. पुत्रदा एकादशी." त्या अण्णांकडे बघत होत्या. "काल मी जेवले की हो. भात, सारू, ताकसुद्धा घेतलं."

त्यांनी ते ताकाचं सांगितलं तेव्हा मी अण्णांकडे पाहिलं. ते हिशेब चुकला म्हणतील, डोळे अधू झालेत म्हणतील, अशी मी वाट पाहिली. म्हटलं असतं तर रत्नाबाईंनी मानलंही असतं. अण्णा जगलीवरून उतरले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी बाजूला ठेवला आणि चौसष्ट वर्षांचा तो माणूस भर अंगणात, न्हाणीपाशी उभ्या असलेल्या बायकांसमोर, रत्नाबाईंपुढे पालथा झाला. साष्टांग. कपाळ फरशीला लावून तसेच पडून राहिले.

"मला ठाऊक होतं," ते फरशीलाच सांगितल्यासारखं म्हणाले. "पोरगा पाण्यावाचून मरेल म्हणून बोललो. तुम्ही त्याच्यासमोर विचारलंत."

रत्नाबाई दोन पावलं मागे सरल्या. मग खाली वाकून, सोवळ्यामुळे शिवता येईना म्हणून नुसतेच हात पुढे करून म्हणाल्या, "उठा. अय्यो, उठा की. त्या संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन एक शब्द सांगायचा होता, अण्णा. मी गुपचूप उपास केला असता. आणि पहाटे मीच याच्या हातात तांबा दिला असता, पी बाळ, एकादशी उद्या आहे म्हणून. मी नसतं का सांगितलं? माझाही कोण आहे दुसरा?"

अण्णांनी मान वर केली नाही. त्यांचे खांदे हलत होते.

"आता आज मी जेवू की नको, तेवढं सांगा," रत्नाबाई म्हणाल्या. "खरं सांगा."

ते अण्णांना सांगता आलं नाही. रत्नाबाईंनी वाट पाहिली, आणि मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अण्णांना मी काखेत हात घालून उठवलं. सव्वीस मैल पळताना मला जेवढं जड गेलं नाही तेवढं त्यांना घरात नेणं जड गेलं. पाण्याचा तांबा तोंडाशी धरला तर त्यांनी हाताने सारला. "आधी त्यांना," म्हणाले. रत्नाबाईंचं दार त्या दिवशी उघडलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात लोक नेहमीप्रमाणे विचारायला आले. "मठात विचारा," अण्णा म्हणत आणि आत जात. दोन-तीनदा असं झाल्यावर लोक यायचे थांबले. रत्नाबाई अंगणात भेटत, बोलतही. भाजी काय आणली, नळाला पाणी आलं का, असं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटे. राग आला की तो कधीतरी जातो.

संघात निवड झाल्याचं पत्र आलं. मी जाणार नाही म्हणालो. अण्णांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "जा! तू नाही गेलास तर त्या बाईचं गेलं ते कशाला गेलं?"

म्हणून गेलो. दोन दिवस आगगाडीचा प्रवास, उत्तरेकडचं शहर, छातीवर राज्याचं नाव. मला वाटलं होतं त्याहून सगळं मोठं होतं. पाचव्या मैलाला पाण्याचं टेबल होतं. एका बाईंनी ग्लास पुढे केला, मी तो घेतला, ओठाला लावला, आणि माझ्या घशाखाली घोट उतरेना. आज मी जेवू की नको, एवढंच कानात. पाणी रस्त्यावर ओतून दिलं. पुढच्या टेबलापाशीही तेच, त्याच्या पुढेही तेच. कसला नेम नव्हता माझा. मी मनापासून प्रयत्न करत होतो. पडलो नाही एवढंच, शेवटचे सहा मैल चालत आलो. एकोणतीस जणांत सत्ताविसावा. त्यानंतर मी पळालो नाही.

परतलो तेव्हा अण्णा स्टेशनवर आले होते. कितवा आलो ते त्यांनी विचारलं नाही.

"पाणी प्यालास ना?"

"हो, अण्णा."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. पोटभर."

त्यांनी माझ्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि फाटकाकडे चालू लागले. पिशवी जड नव्हती, पण त्यांना ती दोन्ही हातांनी धरावी लागत होती. मी ती परत मागितली नाही.