टाकलेली

"एवढं चांगलं इरकल पेटीत पडलंय, आनि हितं मला ह्यो बोळा नेसवलाय," पडद्याआड गंगव्वा पुटपुटत होती. "फोटूत बाई दिसाय पायजे, का पोतेरं?"

पडद्याच्या अलीकडे शांभवीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते विटकं लुगडं तिनंच आणवलं होतं.

राजारामपुरीत एका फोटो स्टुडिओच्या माडीवर शांभवीचं प्रसिद्धीचं ऑफिस होतं. तुम्ही साबणाची जाहिरात करता का, असं लोक विचारायचे. ती करायची संस्थांची. अंधशाळा, रक्तपेढी, नदी वाचवणारी समिती. पत्रकं लिहायची, वार्ताहरांना फोन करकरून गोळा करायची. कुणाचं दुःख कुठल्या पानावर बसेल, हे आता तिला वाचण्याआधीच कळायचं, आणि त्याचीच कधीकधी तिला शिसारी यायची.

आजचं काम कळंब्याच्या 'सावली' घराचं होतं. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायका तिथं राहायच्या. घरमालकानं जागा सोडायला सांगितली होती. एक बंद पडलेली शाळा मिळण्यासारखी होती, पण पेपरात गाजावाजा झाला तरच. नाहीतर गंगव्वासकट सगळ्या रस्त्यावर.

पत्रकार परिषदेच्या हॉलमध्ये शांभवीचा पाय ठरेना. तिनं माईक तीनतीनदा फुंकला. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागं नेल्या, पुन्हा पुढं आणल्या. वडे आले का ते पाहून आली, आणि वडे आले होते तरी पुन्हा पाहून आली.

"अक्का, बसा की जरा," गंगव्वा म्हणाली. "बोलायचं मला हाय, आनि घाम तुमाला."

"तुम्ही फार बोलायचं नाही. नुसती मान खाली घाला. बाकीचं मी बघते."

"त्या फलकावर काय लिवलंय?"

"परित्यक्तांना छप्पर द्या."

"परि... म्हंजे?"

शांभवीनं संस्थेच्या अनुजाताईंकडं पाहिलं. अनुजाताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

"म्हणजे नवऱ्यानं टाकलेली," शांभवी म्हणाली.

गंगव्वानं फलकाकडं बघितलं. मग शांभवीकडं. "टाकलेली," ती पुटपुटली, दाताखाली खडा आल्यागत.

"शब्द सरकारी आहे हो, गंगव्वा," अनुजाताई घाईनं म्हणाल्या. "अर्जात तोच लागतो."

गंगव्वा कशी आली, ते अनुजाताईंना ठाऊक होतं. पत्रक लिहिताना शांभवीलाही कळलं होतं. तिनं 'पतीने घराबाहेर काढले' असं लिहिलं, आणि तिघींपैकी कुणीच पुढं विषय काढला नाही. चांगलं घर सोडून आपल्या पायानं आलेल्या बाईला शाळेची खोली कोण देणार?

वार्ताहर आले. वडे खाऊन झाले. अनुजाताई बोलल्या, पेनं चालली. सगळं बेतल्यासारखं होत होतं, तरी शांभवी खुर्चीच्या कडेवरच टेकून होती. शेवटी सायंदैनिकाचे बाळासो पुढं वाकले.

"मावशी, मारत होता का वो नवरा?"

शिकवल्याप्रमाणं गंगव्वाची मान खाली गेली. पण ती गेली तशीच वर आली.

अशा वेळचं शांभवीचं एक ठरलेलं वाक्य होतं. 'त्यांना बोलवत नाही, भरून आलंय त्यांना,' म्हणून माईक आपल्याकडं घ्यायचा. त्या वाक्यानं तिनं किती सभा सावरल्या होत्या. ती उठलीसुद्धा. अनुजाताईंनी टेबलाखालून तिच्या पदराला ओढ दिली, घे माईक म्हणून. गंगव्वा माईक धरून बसली होती. ती रडत नव्हती. भरून आल्यासारखं तिच्या तोंडावर काही नव्हतं, नुसतं विचारल्याचं उत्तर होतं.

शांभवी उभीच राहिली. हात पुढं गेला नाही.

"न्हाय," गंगव्वा म्हणाली.

"मग पीत होता?"

"न्हाय की."

"दुसरी आणली?"

"काय तरी इचारतासा. चांगला हुता त्यो. येळंला जेवायचा, येळंला झोपायचा, कुनाच्या अध्यातमध्यात न्हाय."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाळासोंनी पेन उचलून धरलं. "मग टाकलं कशापायी तुम्हाला?"

"मला कुनी टाकलं न्हाय, पावणं," गंगव्वा म्हणाली. "मी त्येला सोडून आले. मला त्येच्यासंगं ऱ्हायाचं न्हवतं."